उद्या बसू

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण गृहपाठाच्या नावाने आनंद. एके दिवशी आम्ही वह्या मागितल्या तेव्हा तो उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, उद्या आणतो, इन्शाअल्ला." हे उत्तर त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आले होते. आम्ही खडू खाली ठेवला आणि आळस या विषयावर चांगले दहा मिनिटे बोललो. वेळेची किंमत, आईबापांचे कष्ट, आजचे काम आजच करण्याचे महत्त्व, सगळे त्यात आले. बोलणे बरे झाले असावे, कारण मागच्या बाकावरची मुलेही गप्प होती. आम्ही थांबल्यावर त्या मुलाने अगदी सरळपणे विचारले, "सर, मशिदीच्या दरवाजावरची बिस्मिल्लाह तुम्ही लिहिणार होता ना? अब्बा सांगत होते."

वर्गात कोणी हसले नाही. आम्ही फळ्याकडे तोंड केले आणि आधीच लिहिलेली तारीख पुन्हा एकदा गिरवली.

'आम्ही' म्हणजे येथे एकच माणूस समजावा. उर्दू शाळेत शिकलो, उर्दू शाळेतच शिकवतो; 'हम' म्हणायची सवय जिभेला लागली आहे आणि मराठीत लिहितानाही ती सुटत नाही. त्यात मोठेपणा काही नाही. उलट पुढे जी कबुली द्यायची आहे ती 'मी' म्हणून द्यायला जड जाते. 'आम्ही' म्हटले की जबाबदारी चारजणांत वाटल्यासारखी वाटते. वाचकांनी एवढी सवलत द्यावी.

नोकरी शिक्षकाची, पण आमचा जीव खत्तातीत, म्हणजे अक्षरकलेत. आमचे गाव कोकणातल्या खेड तालुक्यात. बी.एड. करीत असताना चिपळूणला एका जुन्या कातिबांकडे आमचे जाणे-येणे सुरू झाले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. तरुणपणी ते मुंबईत होते. उर्दू वर्तमानपत्रांची आणि पुस्तकांची किताबत त्यांनी वर्षानुवर्षे केली. त्या काळी उर्दू मजकूर खिळ्यांनी जुळवत नसत. कातिब तो हाताने लिहून देत आणि त्यावरून छपाई होई. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या लिखाणावरून 'नूरी नस्तालीक' हा संगणकी टंक तयार झाला. १९९४ मध्ये 'इनपेज' आले, आणि पाहता पाहता कातिबांच्या बैठका रिकाम्या झाल्या. उस्तादांची बैठकही त्यांतलीच. ते चिपळूणला परतले आणि लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, कुणाच्या घरासाठी एखादी आयत, अशा कामांवर राहिले.

त्यांच्याकडे आम्ही बोरू तासायला शिकलो. बोरूच्या टोकाचा तिरका छेद म्हणजे 'कत'. तो चुकला की पुढचे सगळेच चुकते. शाई काजळीची, त्यात डिंक. दवातीत रेशमाचा बोळा, म्हणजे बोरू हवी तेवढीच शाई उचलतो. त्याच बोरूने एक चौकोनी ठिपका काढायचा. तो नुक्ता. हा नुक्ता म्हणजे अक्षराचे माप. नस्तालीकमधला अलिफ तीन नुक्ते उंच. नुक्त्याने अक्षर मोजण्याची ही शिस्त बगदादच्या इब्न मुकला यांनी बसवली. ते खलिफांचे वजीर होते. राजकारणात त्यांचा उजवा हात तोडला गेला आणि तरी ते हाताच्या खुंटाला कलम बांधून लिहीत राहिले, असे सांगतात. ९४० साली त्यांचा अंत झाला. उस्ताद ही हकीकत आम्हाला वरचेवर ऐकवत. आम्ही माना डोलवत होतो. आमचे दोन्ही हात शाबूत होते.

२०१७ च्या अखेरीस गावातल्या मशिदीचे बांधकाम काढले गेले. जुनी कौलारू मशीद पावसाळ्यात गळत होती. आखातात असलेल्या मंडळींनी पैसे पाठवले, मुंबईकरांनी पाठवले, गावातल्या बायकांनीसुद्धा आपल्या बचतीतून दिले. मुख्य दरवाजावर संगमरवरात बिस्मिल्लाह कोरायची असे ठरले. जमातीचे लोक उस्तादांकडे गेले. उस्तादांचा हात तेव्हा कापू लागला होता. ते म्हणाले, "तुमच्या गावातच माणूस आहे. माझा शागीर्द आहे. तो लिहील, जबाबदारी माझी." सदरसाहेब आमच्या घरी आले, चहा घेतला, दगडाचे माप दिले. अम्मी पडद्याआडून ऐकत होती. ते गेल्यावर ती बाहेर आली आणि काही न बोलता आमच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला ही बातमी ठाऊक होती.

काम तसे दीड महिन्याचे. आधी लहान आकारात आराखडा, मग पूर्ण मापाच्या कागदावर अक्षर, मग कागदाला अक्षराच्या कडेने सुईची भोके पाडून त्यावर कोळशाची पूड घासायची, म्हणजे दगडावर ठिपक्यांची रेघ उमटते आणि कारागीर त्यावरून कोरतो. मुदत वर्ष-सव्वा वर्षाची होती. आम्ही निश्चिंत झालो. आमचे बिघडले ते तिथेच.

त्या सव्वा वर्षात आम्ही काय केले? कोणी विचारले तर आमच्याकडे उत्तरे होती आणि ती सगळी खरी होती. शाळेत दोन शिक्षकांवर चार वर्ग. पोषण आहाराचा हिशेब. ऑनलाइन माहिती भरायची, आणि नेट येत नाही म्हणून रात्री टेकडीवर जाऊन भरायची. मतदार यादीचे काम. मग लोकसभेच्या निवडणुकीची ड्यूटी. मधे बहिणीचे लग्न. थोरल्याला टायफॉइड. यातले एकही निमित्त खोटे नव्हते. आता वाटते, खोटी सबब माणसाला तरी टोचते. खरी सबब टोचत नाही, म्हणून ती जास्त घात करते. तिच्या आडोशाला माणूस वर्षभर निर्धास्त झोपू शकतो.

शिवाय आम्ही अगदीच स्वस्थ नव्हतो. तयारी चालू होती! मुंबईहून चांगला कागद मागवला. तुर्कस्तानातल्या मशिदींचे फोटो मोबाइलवर जमवले, शेकड्यांनी जमवले. कोणता खत दगडावर शोभेल याची चर्चा दोन मित्रांशी रात्री-रात्री केली. आमचा हात नस्तालीकवर बसलेला; दरवाजावर शोभतो तो सुल्स, मोठ्या उभ्या दांड्यांचा, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांचा. तो आधी नीट शिकावा लागेल, मग लिहू, असे ठरवले. शिकायला बसायचे म्हणजे सलग वेळ हवा. दिवाळीच्या सुट्टीत बसू. दिवाळी गेली. नाताळात बसू. मे महिन्यात तर नक्कीच बसू. सदरसाहेब रस्त्यात भेटले की आम्ही म्हणायचो, "इन्शाअल्ला, या महिन्यात होऊन जाईल."

या शब्दाशी आम्ही फार वाईट वागलो. माणसाने आपला इरादा पक्का करावा, हातपाय हलवावेत आणि निकाल अल्लाच्या मर्जीवर सोडावा, असा त्याचा अर्थ आम्ही मुलांना शिकवतो. स्वतः मात्र तो पळवाटेसारखा वापरला. इरादा कच्चा, हात थंड आणि तोंडात इन्शाअल्ला. त्या मुलाने गृहपाठाबद्दल तोच शब्द वापरला तेव्हा आम्हाला राग आला, तो त्यामुळेच असावा.

२०१९ च्या रमजानआधी मशिदीचे उद्घाटन ठरले. त्याच्या महिनाभर आधी सदरसाहेब घरी आले. या वेळी त्यांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "मास्टर, नसेल होत तर तसं सांगा. आम्ही वाईट मानणार नाही." आम्ही म्हणालो, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत आम्ही दोन रात्री बसलो. दोन्ही रात्री जे उतरले ते पाहून कागद फाडला. आठव्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलोच नाही. न सांगताच त्यांना कळले.

उद्घाटनाच्या दिवशी दरवाजावर सोनेरी ॲक्रिलिकची अक्षरे होती. मुंबईच्या कोणा दुकानातून यंत्रावर कापून आणलेली, चकचकीत, अगदी सारखी. अक्षर वाईट नव्हते. दोन दिवसांनी, मशिदीत बाहेरचे कोणी नसताना, अम्मी दारापर्यंत जाऊन ते पाहून आली. घरी येऊन चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण त्याच्यात कोणाचा हात दिसत नाही." एवढेच. त्यानंतर आजतागायत तिने तो विषय काढलेला नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

आणि उस्ताद? त्यांनी 'जबाबदारी माझी' असा शब्द दिला होता. त्यांचा शब्द आमच्यामुळे पडला. आम्ही चिपळूणला जाणे बंद केले. त्यालाही सबब होती.

नमाज चुकली तर तिची कजा असते. उशिरा का होईना, माणूस ती अदा करू शकतो. या कामाची कजा नव्हती. दरवाजा एकच होता आणि त्यावर अक्षर लागून गेले होते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. शाळा बंद, निवडणूक नाही, लग्ने नाहीत. काही दिवस शिक्षकांना गावात तपासणीच्या कामावर जावे लागले, पण ते सोडले तर आम्ही ज्या सलग वेळेची वर्षानुवर्षे वाट पाहत होतो ती अल्लाने आमच्या पदरात टाकली. आम्ही काय केले? मोबाइल पाहिला. बातम्या पाहिल्या, त्याच पुन्हा पाहिल्या. थोर खत्तातांचे व्हिडिओ पाहिले. त्यांचे बोरू कागदावर सरकताना पाहून आपणच लिहिल्याचे समाधान मिळू लागले. कपाट उघडले नाही. कागदाला वाळवी लागली तेव्हा कळले. त्या महिन्यांत एक गोष्ट मात्र स्वच्छ झाली. 'वेळ नाही' हे आमचे कारण कधीच नव्हते. मग कारण काय होते, हे कळायला आणखी एक वर्ष आणि एक पूर जावा लागला.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. बाजारपेठ बुडाली, कित्येक घरांचा तळमजला पाण्याखाली गेला. रस्ते थोडे मोकळे झाल्यावर आमच्या भागातून मदतीसाठी तरुण मुले निघाली, त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. दोन वर्षे ज्या दारात गेलो नव्हतो त्या दारात हातात फावडे घेऊन उभे राहिलो. उस्ताद जिवंत होते, शेजाऱ्यांनी त्यांना वरच्या मजल्यावर नेले होते. पण त्यांची खोली! काजळीची शाई पाण्यात टिकत नाही. मुंबईपासून जपलेल्या वसल्या, त्यांच्या उस्तादांच्या हातचे कित्ते, चाळीस-पन्नास वर्षांचा सराव, सगळ्याचा राखाडी लगदा झाला होता. आम्ही तो घमेल्यांत भरून बाहेर टाकत होतो. एखाद्या तुकड्यावर अर्धा दायरा, एखाद्यावर नुसता नुक्ता उरलेला. आम्हाला रडू येत होते. उस्ताद पालथ्या बादलीवर बसून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी फरशी दिसू लागली. त्यांनी आम्हाला हाक मारली आणि विचारले, "मास्टर, तुझ्याकडे चाकू आहे का?" खिशात होता. चिखलातून निघालेला एक बोरू त्यांनी धुऊन उन्हात ठेवला होता. कापत्या हाताने त्याला कत दिला. कुठूनतरी शाई आणवली. मदतीच्या धान्याबरोबर आलेल्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर अलिफ लिहू लागले. एक ओळ अलिफ. हात कापत होता, अलिफ वाकडे येत होते. त्यांनी नुक्ते टाकून मोजले, मान हलवली आणि दुसरी ओळ सुरू केली.

आमच्याने राहवले नाही. आम्ही म्हणालो, "उस्ताद, आज कशाला? सगळं गेलंय. जरा थांबा."

ते म्हणाले, "जे गेलं ते लिहून झालेलं होतं. आजचं कुठे लिहिलंय?"

मग त्यांनीच मशिदीचा विषय काढला. आम्ही माफी मागायला तोंड उघडले, तर हाताने थांबवले. म्हणाले, "तू आळशी नाहीस. आळशी माणूस तीन दिवस दुसऱ्याच्या घरातला चिखल काढत नाही. तू घाबरलास. तुला वाटलं, लिहीन तर असं की गाव पाहत राहील. आणि कागदावर तर तुझा नेहमीचाच हात उतरणार. ते तुला बघवत नव्हतं. न लिहिता माणूस फार मोठा खत्तात राहतो."

हे शेवटचे वाक्य आम्ही घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. फाडलेले दोन कागद आठवले. ते खरोखर वाईट होते का? बेताचे होते. सुधारता आले असते. पण आम्हाला बेताचे असणे मंजूर नव्हते, म्हणून आम्ही काहीच नसणे पसंत केले.

उस्तादांनी आपल्या मुंबईच्या दिवसांबद्दलही त्या दिवशी सांगितले. वर्तमानपत्राची पाने रात्री ठरल्या वेळेला छपाईला जायची. बातमी उशिरा आली तरी पान वेळेवरच जायचे. 'मन लागत नाही' असे म्हणायची सोय नव्हती. मजुरी पानावर होती. ते म्हणाले, "मन लागल्यावर मी कधी लिहिलं नाही. लिहायला लागल्यावर मन लागायचं. कधी नाहीही लागायचं. पान तरी जायचंच." पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सुरुवातीला सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरत, हे आपण सगळे जाणतो. त्या होर्डिंगांना तारीख असे. ठरल्या दिवशी सिनेमा लागायचा. तारखेने त्यांची कला मेली नाही. आम्हाला मात्र सव्वा वर्षाची मुदत मिळूनही एक ओळ पुरी झाली नाही.

बी.एड.च्या परीक्षेत आम्ही अध्यापनाची सूत्रे लिहून चांगले गुण मिळवले होते. सोप्याकडून कठिणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. रोज पाठाचे टाचण काढतो, त्यात पस्तीस मिनिटांत नेमके काय शिकवायचे ते लिहितो. पहिलीच्या मुलाला कोणी पहिल्या दिवशी निबंध लिहायला सांगत नाही. आपल्या स्वतःच्या कामात मात्र आम्ही रोज सकाळी स्वतःला 'अजरामर कलाकृती' असा गृहपाठ देत होतो आणि रोज संध्याकाळी कोरी वही दाखवत होतो.

पुरानंतर आम्ही गृहपाठ बदलला. फजरनंतर चाळीस मिनिटे. त्यात एकच अक्षर. पहिले पंधरा दिवस नुसता अलिफ. चांगला कागद बंद. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांची कोरी बाजू. चांगला कागद समोर आला की हात आखडतो, प्रश्नपत्रिकेला कोणी घाबरत नाही. बोरू रात्रीच तासून ठेवायचा, दवात उघडून ठेवायची, म्हणजे सकाळी 'आधी कत देऊ, मग बसू' म्हणत वेळ घालवता येत नाही. आणि मोबाइल बायकोच्या ताब्यात. तो तिने तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा शाळेचा जरूरीचा निरोप आला असेल असे सांगून मागितला. ती म्हणाली, "अहो, पहाटे साडेपाचला कोणती शाळा भरते?" यावर उत्तर नव्हते.

थोडे असले तरी नेमाने केलेले अमल अल्लाला अधिक प्रिय, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मकतबात ऐकली, जुम्याच्या बयानात ऐकली, मुलांनाही सांगितली. ती आपल्या बोरूलाही लागू आहे, हे डोक्यात यायला चाळिशी जवळ यावी लागली. पाच वक्तांची नमाज माणसाला विचारत नाही की आज तुझे मन आहे का. वक्त झाला की उठायचे. मन लागो न लागो, सफेत उभे राहायचे. जी शिस्त दिवसातून पाच वेळा आमच्या अंगणात येत होती, तिच्याकडून आम्ही कलेसाठी काही घेतले नव्हते.

आता सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. पहिल्या दोन महिन्यांत नऊ दिवस चुकले. दिनदर्शिकेवर खूण करतो म्हणून आकडा ठाऊक आहे. पूर्वी एक दिवस चुकला की 'आता मोडलाच नेम' म्हणून पुढचा महिना जायचा. आता चुकलेल्या दिवशी काट मारायची आणि दुसऱ्या दिवशी बसायचे, एवढेच. परीक्षेच्या दिवसांत चाळीस मिनिटांची दहा होतात. दहा मिनिटांत दोन ओळी होतात. कधी दोन्ही वाईट येतात. त्याही त्याच गठ्ठ्यात ठेवतो; फाडायचे नाही असे ठरवले आहे. वर्षभरानंतर तो गठ्ठा काढून पाहिला तेव्हा आमच्या अलिफची कंबर कुठल्या महिन्यात सरळ झाली ते बोट ठेवून दाखवता आले. ते आम्हाला रोजच्या रोज कधीच दिसले नव्हते.

२०२३ साली मशिदीशेजारी मकतबसाठी एक खोली बांधली गेली. दगड नाही, संगमरवर नाही. दारावर लाकडी फळी लावायची होती. कोणी आमच्याकडे आले नाही, आणि का यावे? आम्हीच सदरसाहेबांकडे गेलो. म्हटले, "फळी मला द्या. वीस दिवसांत आणून देतो. नाही दिली तर एकविसाव्या दिवशी दुसऱ्याला सांगा." ते थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तारीख लिहून द्या." आम्ही लिहून दिली. अपमान वाटला नाही असे नाही, पण तो आम्ही कमावलेला होता.

पहिले पाच दिवस आराखडे. त्यातला एक निवडला, आणि मग निवड बदलायची नाही असे ठरवले. पुढचे दहा दिवस त्यातला एकेक जोड. सोळाव्या दिवशी पूर्ण मापावर लिहिले. 'मीम'चे डोके मनासारखे आले नाही. जुन्या सवयीने हात कागद फाडायला गेला. उस्तादांचे वाक्य आठवले. तो कागद बाजूला ठेवून आणखी एकदा लिहिला, फक्त एकदा, आणि दोघांपैकी बरा तो फळीवर उतरवला. अठराव्या दिवशी फळी घेऊन आधी चिपळूणला गेलो. उस्तादांची नजर आता मंद झाली आहे. त्यांनी फळी जवळ घेतली, बोटाने अक्षरावरून गेले आणि नेमके 'मीम'वर थांबले. "इथे घाबरलास," म्हणाले. मग फळी परत देत म्हणाले, "लाव."

फळी लागली. 'मीम' अजून तसेच आहे. रोज नमाजेला जाताना दिसते. मोठ्या दरवाजावर सोनेरी अक्षरे चकाकतात, तीही दिसतात. एकाने दुसऱ्याची भरपाई झाली असे आम्ही समजत नाही. जे गेले ते गेले. पण आता त्या वाटेने जाताना मान खाली घालावी लागत नाही. अम्मीने फळी पाहिली तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला खिडकीतून सांगत होती, "त्या खोलीवरचं आमच्या मुलाच्या हातचं आहे. जरा वाकडं आहे एका ठिकाणी." ती 'वाकडं' हा शब्दसुद्धा अशा आवाजात म्हणाली की आम्ही दाराआड थांबून पुरते ऐकले.

आणि तो सातवीतला मुलगा. त्या दिवशी आम्ही त्याला उत्तर दिले नव्हते. पुढे तो दुसऱ्या शाळेत गेला, आता कॉलेजात आहे. मध्यंतरी एस.टी. स्टँडवर भेटला. सलाम केला, चौकशी झाली. आम्ही म्हटले, "तू एकदा वर्गात विचारलं होतंस, आठवतं?" त्याला आठवत नव्हते. मुले विसरतात. आम्ही त्याला सांगितले, हो, लिहिणार होतो, लिहिले नाही, चूक आमची. तो बावरला. शिक्षकाने असे काही सांगावे याची त्याला सवय नसावी. मग हसून म्हणाला, "सर, माझी ती वही पण राहूनच गेली होती."

गाडी आली, तो गेला. आम्ही घरी आलो, जेवलो, आणि झोपण्यापूर्वी चाकू घेऊन उद्याचा बोरू तासून ठेवला.